अ‍ॅक्सेंट नको, आकडे शिकवा

पारगावात मोठ्यांसाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास काढताय? मग बोर्डावर 'फॉरेन अ‍ॅक्सेंट' लिहू नका. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्या चाळिशीतल्या शेतकऱ्याला लंडनचा उच्चार कशाला हवा? त्याला दक्षिणेतल्या व्यापाऱ्याशी फोनवर भाव ठरवायचाय. तिथं 'थर्टीन'चं 'थर्टी' ऐकू गेलं, की किलोमागं 17 रुपयांचा घोळ! 'थर्टी'त जोर 'थर'वर, 'थर्टीन'मध्ये 'टीन' लांबवायचा. वर 'वन-थ्री' असंही म्हणायचं. आठवडाभर एवढंच घोटून घ्या. 'झीरो'ला 'जरा'मधला ज जवळचा आहे, तिथून न्या. मराठी वळण राहिलं तर राहू द्या हो! फी घेताना मात्र सांगा: आकडा, तारीख, पत्ता समोरच्याला पहिल्या फटक्यात कळेल. पंधरा दिवसांनी अनोळखी माणसाला फोन लावायला लावून तपासा.