घरचा राउटर आणि धीराचा धडा

हल्लीं पुष्कळ घरांत बिनतारी इंटरनेटची पेटी, म्हणजे राउटर, आलेली आहे. ती चालू असेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाहीं; बंद पडली कीं सारें घर हातपाय गाळून बसतें. कोणी बटणें दाबतो, कोणी तारा उपसतो, कोणी कंपनीस दूषणें देतो. आमच्या मतें येथें यंत्राच्या बिघाडापेक्षां आपला उतावळेपणाच अधिक नडतो.

हें आम्ही परक्यांविषयीं बोलत नाहीं. आमच्या घरचा नवा राउटर पहिल्याच आठवड्यांत अडला. पदवीधर शिक्षकानें मुलीस विचारावें हें आम्हांस कमीपणाचें वाटलें. पाठीमागील बारीक छिद्रांत टांचणी खुपसून आम्हीं रीसेटचें बटण दाबून धरिलें. राउटर सुरू झाला खरा, परंतु कोरी पाटी होऊन! जोडणीसाठीं भरलेलें नांव व पासवर्ड पुसून गेले. आणि ते आम्हीं कोठेंही लिहून ठेविले नव्हते. दोन दिवस घर इंटरनेटवांचून राहिलें. शेवटीं मुलीनें दाखविलें कीं, केर काढतांना बाहेरून येणारी तार खोबणींत सैल झाली होती. मूळ दुखणें एवढेंच.

यांतून आम्ही जो क्रम शिकलों तो असा. प्रथम दिवे पाहावे. फायबरच्या पेटीवर ‘एल-ओ-एस’ हा दिवा तांबडा लुकलुकत असेल, तर बाहेरून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोंचत नाहीं. तार निसटली किंवा मुडपली नाहीं एवढें पाहून कंपनीस कळवावें. नंतर सर्व तारा नीट बसवाव्या. मग वीज बंद करून अर्धा मिनिट थांबावें. आधीं फायबरची पेटी व नंतर राउटर सुरू करून थोडा वेळ द्यावा. तरीही अडलें तर संगणक तारेनें राउटरला जोडून पाहावा. तारेनें चालतें आणि बिनतारी चालत नाहीं, तर अडचण लहरींची. तारेनेंही चालत नाहीं, तर ती राउटरमध्यें किंवा त्याच्या पलीकडे शोधावी. या एका परीक्षेनें अर्धें कोडें सुटतें. लहरींतही भेद आहे: २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे अधिक पोंचते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण लौकर क्षीण होते. म्हणून राउटर घराच्या मध्यभागीं, उंचावर, लोखंडी कपाट व मायक्रोवेव्ह यांपासून दूर ठेवावा. रीसेट हा अगदीं शेवटचा उपाय. आणि तोही नांव व पासवर्ड हातीं असतील तरच.

या सर्वांत मुख्य नियम एकच: एका वेळीं एकच बदल करावा, आणि तो लिहून ठेवावा. प्रयोगशाळेंत हाच नियम आपण पाळतों; घरीं येतांच तो विसरतों.

कोणी म्हणेल, कारागीर बोलाविला कीं काम होतें, मग ही खटपट कशाला? काम होतें हें खरें. परंतु तो आपलें ज्ञान आपल्याबरोबर घेऊन जातो, आणि पुढील वेळीं आपण पुन्हां तितकेच पांगळे.

पालकांस आमची विनंती कीं, मुलांपाशीं शिकण्यांत लाज मानूं नये. विद्यार्थ्यांसही एक सांगणें आहे. आईच्या हातून मोबाइल हिसकावून क्षणांत काम उरकणें ही मदत नव्हे. तिच्याच हातानें करूं द्या. चुकली तर थांबा. तुम्हांस पाढे शिकवितांना ती किती वेळां थांबली होती, हें आठवा.

आमच्या राउटरशेजारीं आतां एक वही टांगलेली आहे. नांव व पासवर्ड तींत आहेत, झालेल्या बिघाडांची नोंदही आहे. पहिल्या पानावर मुलीच्या अक्षरांत एकच ओळ आहे: “बाबांनीं टांचणी लावूं नये.”