एकच घर, वेगवेगळे वाटे

१८९७मध्ये पुण्यात प्लेग पसरला तेव्हा माणसं घरं सोडून गेली. घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड हलवायचं, गावाबाहेर माळावर नाहीतर शेतात झोपडी घालून राहायचं, ही रीत पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली होती. करोनानं नेमकं उलटं केलं. २५ मार्च २०२०ला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ज्याला त्याला घरातच थांबायला सांगण्यात आलं. आधी २१ दिवसांची म्हणून सांगितलेली मुदत वाढत गेली. शाळा, कचेरी, तालीम, देऊळ, कट्टा असं सगळंच त्या चार भिंतींच्या आत येऊन बसलं.

मग सल्ल्यांचा पूर आला. दिवसाचं वेळापत्रक आखा, योगासनं करा, बातम्या कमी पाहा, एखादी कला शिका, जुन्या मित्रांना फोन करा. यातला एकही सल्ला चुकीचा नव्हता. वेळच्या वेळी झोपणं-उठणं, थोडा व्यायाम, माणसांशी बोलणं यानं मन थाऱ्यावर राहतं, यात शंका नाही. अडचण अशी की हे सगळं एकट्या माणसाला उद्देशून सांगितलं जात होतं आणि बहुतेक घरांत माणूस एकटा नव्हता. एकाला शांतपणे प्राणायाम करायचा असेल तर त्या वेळी पोरांकडे दुसऱ्यानं बघावं लागतं. घरातला समतोल आधी वाटणीवर ठरतो. काम, जागा, फोन आणि निवांतपणा कोणाच्या वाट्याला किती येतो, यावर ठरतो. त्या दिवसांच्या आठवणी निघतात तेव्हा या वाटणीबद्दल आपण फारच कमी बोलतो.

सक्तीच्या एकांतातून मोठं काम उभं राहतं, याचा दाखला म्हणून मंडालेच्या तुरुंगातल्या लोकमान्य टिळकांचं नाव हमखास घेतलं जातं. १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीनं लिहून काढलं. बुद्धीची आणि निग्रहाची ती अचाट कामगिरी होती. पण त्या कोठडीत त्यांच्याजवळ शेकडो ग्रंथ होते आणि स्वयंपाकासाठी एक कैदी दिलेला होता, हेही त्याच इतिहासात नोंदलेलं आहे. यानं टिळकांचं मोठेपण तसूभरही उणावत नाही. लिहिणाऱ्याला सलग वेळ मिळतो तेव्हा चुलीपुढे दुसरं कोणीतरी असतं, एवढं मात्र त्यातून कळतं.

२०२०मध्ये चुलीपुढे कोण होतं? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं त्याच्या आदल्याच वर्षी, २०१९मध्ये, लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली होती. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता. पुरुषांचा जात होता ९७ मिनिटं. शिवाय हे काम करणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या आणि पुरुष जेमतेम २६.

टाळेबंदीत यावर भर पडली. धुणंभांडी करणाऱ्या मावशी येईनाशा झाल्या. (न येताही त्यांचा पगार देणारी घरं होती आणि पहिल्याच महिन्यात हात आखडता घेणारीही होती, वाटणीचा प्रश्न उंबऱ्याबाहेरही होताच.) भाजी आली की मिठाच्या पाण्यात घाला, दुधाची पिशवी धुऊन घ्या, बाहेरचे कपडे वेगळे भिजवा. सगळे दिवसभर घरात, म्हणजे नाश्ता, जेवण, पुन्हा चार वाजता काहीतरी, रात्रीचं वेगळं. ज्यांच्याकडे ओव्हन नव्हता त्यांनी कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून बिस्किटांचा केक केला. त्या केकचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर फिरले आणि त्या कौतुकात खरा आनंद होता. काळा पडलेला कुकर ज्या हातांनी घासला, त्यांचा त्या दिवशीचा निवांतपणा मात्र तिथेच संपला.

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचे विकार जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढले आणि त्याची झळ तरुणांना आणि बायकांना अधिक बसली. आजाराची भीती, पैशाची ओढाताण, एकटेपणा अशी कारणं अनेक. त्यात घरातल्या वाटणीचंही नाव घेतलं पाहिजे.

जागेचीही तीच गोष्ट. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या धारावीत साडेआठ लाखांच्या आसपास माणसं राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ जण आणि संडास सार्वजनिक. १ एप्रिल २०२०ला तिथे पहिला रुग्ण सापडला, तेव्हा ‘घरीच विलगीकरणात राहा’ हे सांगण्यात काहीच अर्थ नव्हता. पालिकेनं ते ओळखलं. शाळा, सभागृहं, क्रीडासंकुल ताब्यात घेऊन तिथे माणसांची सोय केली, सार्वजनिक शौचालयं पुन्हा पुन्हा निर्जंतुक केली. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं. माणसांना आधी जागा मिळवून दिली, म्हणून पुढचं जमलं.

आणि फोन. २०१७-१८च्या सरकारी पाहणीत देशातल्या जेमतेम २४ टक्के घरांत इंटरनेट होतं, खेड्यांत तर १५ टक्केच. घरात एक स्मार्टफोन, तोही वडिलांच्या खिशात, आणि ऑनलाइन तास असणारी भावंडं तीन. इथे सोलापूरच्या नीलमनगरमधल्या शिक्षकांनी जे केलं, ते त्या काळातलं सर्वांत सुंदर सर्जनशील काम म्हणावं लागेल. ही कष्टकऱ्यांची, यंत्रमाग कामगारांची वस्ती. आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंती मागून घेतल्या आणि त्यांवर धडे रंगवले. अक्षरं, गणिताची सूत्रं, व्याकरण, चित्रं अशा सुमारे ३०० भिंती. मुलं वही-पेन्सिल घेऊन अंतर ठेवून भिंतीसमोर उभी राहत आणि लिहून घेत. यात रेंज लागत नव्हती, डेटा संपत नव्हता, आपल्या पाळीची वाट पाहावी लागत नव्हती. पीठ दळून आणायला निघालेलं पोरही वाटेत थांबून एक उदाहरण सोडवू शकत होतं. घराची आतली जागा पुरत नव्हती तेव्हा बाहेरची भिंत कामाला आली, आणि घरमालकानं ती आनंदानं दिली.

पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनची ‘बोलकी शाळा’ लाउडस्पीकरवर ध्वनिमुद्रित धडे ऐकवत होती. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२०पासून ‘टिलीमिली’ ही शाळकरी मुलांसाठीची शैक्षणिक मालिका सुरू झाली.

मोठ्यांचा एकमेकांशी धागा टिकला तोही नुसत्या व्हिडिओ कॉलवर नव्हे. परदेशातल्या मुला-नातवंडांना पडद्यावर पाहायला आजी-आजोबा शिकले, त्याचं मोल मोठंच. पण माणसं अधिक घट्ट बांधली गेली ती काहीतरी मिळून करताना. त्या वर्षी पायी वारी झाली नाही; माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी घरी राहून एकादशी केली. लालबागच्या राजाच्या मंडळानं मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादान शिबिरं घेतली. ‘आठशे खिडक्या नऊशे दारं’ या मालिकेतल्या कलाकारांनी आपापल्या घरातूनच चित्रीकरण केलं.

टाळेबंदीत पुष्कळ पुरुष पोळ्या लाटायला शिकले, केर काढू लागले. ती सवय टिकली असेल अशी आशा होती. २०२४मध्ये वेळेच्या वापराची पाहणी पुन्हा झाली. घरकाम करणाऱ्या बायकांची मिनिटं २९९वरून २८९वर आली. पुरुषांची वाढायला हवी होती, ती ९७वरून ८८वर उतरली.

ऑक्टोबर २०२२पासून ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सरकारी मदतवाहिनी सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. ही सोय फार मोलाची आहे. पण फोन करायला हातात स्वतःचा फोन लागतो आणि बोलायला आडोसा लागतो. सात जणांच्या खोलीतली सून घरातल्याच माणसांबद्दल कुठे बसून बोलणार? पुढची साथ येईल तेव्हा वस्तीतली कोणती शाळा, कोणतं समाजमंदिर, कोणती अभ्यासिका तासाभराच्या एकांतासाठी उघडी राहील आणि तिची किल्ली कोणाकडे असेल, हे ग्रामपंचायतींनी आणि वॉर्ड ऑफिसांनी आजच लिहून ठेवायला हवं.