गृहीत धरलेले मत

३ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेने आपला अध्यक्ष निवडला. त्या निवडणुकीवर जगभर रकानेच्या रकाने लिहून आले. परंतु त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, त्याच मतपत्रिकेवर दिलेल्या दोन कौलांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पहिला कौल मिसिसिपीचा. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या बंडखोर राज्यसंघाचे चिन्ह १८९४ पासून या राज्याच्या ध्वजावर मिरवत होते. २००१ साली त्यावर सार्वमत झाले तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांनी जुनाच ध्वज राखला. २०२० च्या जूनमध्ये विधिमंडळाने तो उतरवला आणि नोव्हेंबरमध्ये मॅग्नोलियाच्या फुलाचा नवा ध्वज मतदारांपुढे ठेवला. ज्या मिसिसिपीने त्या दिवशी रिपब्लिकन पक्षाच्या डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे ५७ टक्के मते दिली, त्याच मिसिसिपीने या नव्या ध्वजाला सत्तर टक्क्यांहून अधिक मते दिली.

दुसरा कौल कॅलिफोर्नियाचा. सरकारी नोकऱ्या, कंत्राटे आणि सरकारी विद्यापीठांतील प्रवेश यांत वंशाच्या आधारे प्राधान्य देण्यास तेथे १९९६ पासून बंदी आहे. ती उठवावी, असा प्रस्ताव डेमोक्रॅटिक पक्षाच्या बहुमताच्या विधिमंडळाने मतदारांपुढे ठेवला. राज्यातील सारे बडे डेमोक्रॅटिक नेते त्याच्या पाठीशी होते आणि प्रचारावर समर्थकांनी विरोधकांच्या अनेक पट पैसा ओतला. मतदारांनी डेमोक्रॅटिक जो बायडेन यांच्या पदरात ६३ टक्क्यांहून अधिक मते टाकली आणि प्रस्ताव मात्र ५७ टक्क्यांनी फेटाळला. या राज्यात कोणत्याच एका वंशाचे बहुमत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

रिपब्लिकन म्हणजे गौरवर्णीयांचा वंशवादी पक्ष आणि डेमोक्रॅटिक म्हणजे कृष्णवर्णीयांचा कैवारी, हे समीकरण अमेरिकेतील बड्या वृत्तपत्रांनी घोटून पक्के केले आहे. आपल्याकडील पुरोगामी पंडितही तेच उसने ज्ञान वाचकांच्या माथी मारत असतात. उलट बाजूचे प्रचारक लिंकन यांचे नाव घेऊन रिपब्लिकन पक्षाच्या पावित्र्याचे गोडवे गातात. तेही तितकेच लटके आहे. अमेरिकेतील सामान्य मतदार या दोहोंच्या पुढे गेला आहे. गॅलप या संस्थेच्या पाहणीत गेली काही वर्षे चाळीस टक्क्यांहून अधिक अमेरिकन नागरिक स्वतःला कोणत्याच पक्षाचे मानत नाहीत. या स्वतंत्र मतदाराला पक्षांनी आणि विद्वानांनी कुंपणावरचा, गोंधळलेला असे हिणवावे, यात नवल नाही. वस्तुतः वंशाच्या प्रश्नावर दोन्ही पक्षांचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याने स्वतंत्र राहणे हेच शहाणपणाचे.

गरज सरो, वैद्य मरो

रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये जन्मला तोच गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी. लिंकन त्याच पक्षाचे. गुलामगिरी नष्ट करणारी, नागरिकत्व देणारी आणि वर्णाच्या कारणाने मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी अशा तीन घटनादुरुस्त्या १८६५ ते १८७० या काळात झाल्या, त्या याच पक्षाच्या बळावर. साहजिकच मुक्त झालेला कृष्णवर्णीय मतदार रिपब्लिकन पक्षाशी एकनिष्ठ राहिला. या निष्ठेचे फळ काय मिळाले? १८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली तेव्हा पक्षाने अध्यक्षपद पदरात पाडून घेतले आणि १८७७ मध्ये दक्षिणेतील राज्य सरकारांमागे उभे असलेले केंद्रीय सैन्य काढून घेतले. काल गुलाम असलेला नागरिक पुन्हा आपल्या जुन्या मालकांच्या तावडीत सापडला.

हे जुने मालक होते डेमोक्रॅटिक पक्षाचे. मतदानासाठी कर, साक्षरतेची परीक्षा, आजोबा मतदार असेल तर नातवाला सूट, अशा एकेक क्लृप्त्या काढून त्यांनी घटनादुरुस्ती कागदावरच ठेवली. लुइझियाना राज्यात १८९६ साली सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १९०४ साली ती १,३४२ वर आली! ज्या पक्षाने हा अधिकार मिळवून दिला होता तो मूग गिळून बसला. ही मते दुसरीकडे जाणार कोठे, हे त्याला पुरते ठाऊक होते.

एका विद्वानाची परवड

गृहीत धरले जाण्याची ही चीड ज्यांच्या आयुष्यात सर्वांत लख्ख दिसते ते विचारवंत म्हणजे विल्यम ड्यू बॉइस. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ज्यांच्याशी पत्रव्यवहार केला, तेच हे ड्यू बॉइस. १९१२ मध्ये त्यांनी रिपब्लिकन पक्षाची जुनी दावण झुगारली आणि डेमोक्रॅटिक वुड्रो विल्सन यांना मत देण्याचे आवाहन कृष्णवर्णीयांना केले. विल्सन निवडून आले आणि १९१३ पासून त्यांच्याच कारकिर्दीत टपाल व अर्थखात्याच्या कचेऱ्यांत काळे आणि गोरे कर्मचारी वेगळे बसवले जाऊ लागले. पुढे १९५६ साली या वृद्ध विचारवंताने 'द नेशन' या नियतकालिकात आपण मतदानच का करणार नाही, याची कारणे मांडली. दोन्ही पक्षांत त्यांना फरक उरलेला दिसत नव्हता. उडदामाजी काळेगोरे, निवडणाऱ्याने निवडावे तरी काय!

मधल्या काळात कृष्णवर्णीयांचे मत डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळले होते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या योजनांनी मंदीत अनेकांच्या घरची चूल पेटती ठेवली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय याच दोन कामांत राबत होते. म्हणजे नवा कैवारीही जुन्याच पंक्तिप्रपंचाचा निघाला.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सारे श्रेय डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना देण्याची प्रथा आहे. त्यांचे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. तथापि सिनेटमध्ये लांबण लावणारी भाषणे करून हे विधेयक आठवडेच्या आठवडे रोखून धरले ते त्यांच्याच पक्षाच्या दक्षिणी सदस्यांनी आणि ती कोंडी फुटली रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांच्या साह्याने. विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाले. त्या २७ विरोधकांपैकी २१ डेमोक्रॅट होते आणि ६ रिपब्लिकन. येथवरची कथा रिपब्लिकन प्रचारक मोठ्या अभिमानाने सांगतात. पुढची मात्र गाळतात. त्या सहांपैकी एक बॅरी गोल्डवॉटर. त्यांनाच पक्षाने त्या वर्षी अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. ते दणकून हरले, पण स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज दक्षिणेतील पाच राज्ये त्यांनी जिंकली. रागावलेल्या गोऱ्या दक्षिणेची मते कशी मिळतात, हे पक्षाला उमगले आणि १९६८ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी ती वाट प्रशस्त केली. लिंकन यांच्या पक्षाने लिंकन यांचा वारसा मतांच्या बाजारात असा मोडीत काढला.

हक्काची मते, फुकटची मते

त्यानंतर दोन्ही पक्षांची सोय झाली. एकाने कृष्णवर्णीय मत आपल्या खिशातले मानले, दुसऱ्याने ते कधीच मिळणार नाही असे मानले. दोघांनाही त्यासाठी काही करण्याची निकड उरली नाही. १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ५ ग्रॅम 'क्रॅक'च्या व्यापारासाठी जी किमान शिक्षा, तीच ५०० ग्रॅम कोकेनच्या भुकटीसाठी ठरली. क्रॅकपायी तुरुंगात जाणाऱ्यांत प्रचंड बहुसंख्या कृष्णवर्णीयांची होती. हा कायदा दोन्ही पक्षांनी मिळून केला. १९९४ च्या कठोर गुन्हेगारीविरोधी कायद्यावर सही केली डेमोक्रॅटिक क्लिंटन यांनी आणि सिनेटमध्ये त्याचे शिल्पकार होते बायडेन. हेच बायडेन मे २०२० मध्ये एका मुलाखतीत बोलून गेले की, आपल्यात आणि ट्रम्प यांच्यात निवड करताना जो अडखळतो तो कृष्णवर्णीयच नव्हे! त्याच दिवशी त्यांना खेद व्यक्त करावा लागला. पण पोटातले ओठांवर आले ते आलेच. जणू एखाद्याचा वर्ण कोणता, हे ठरवण्याचे प्रमाणपत्र पक्षाच्या कचेरीत मिळते!

दुसरीकडे ट्रम्प यांची कथा याहून उजळ नाही. ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत, ही धादांत खोटी आवई त्यांनी अनेक वर्षे पिकवली. नॉर्थ कॅरोलिनातील रिपब्लिकन विधिमंडळाने केलेला मतदानविषयक कायदा २०१६ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने रद्द केला. शस्त्रवैद्याच्या अचूकतेने कृष्णवर्णीय मतदार हेरून हा कायदा रचला आहे, असा ठपका न्यायालयाने ठेवला. आणि ज्या १९८६ च्या अन्यायाचे परिमार्जन ओबामा यांनी २०१० मध्ये अंशतः केले, त्याचा लाभ जुन्या कैद्यांना देणाऱ्या २०१८ च्या कायद्यावर सही आहे ती ट्रम्प यांची. कोणत्या पक्षाची आरती ओवाळायची?

मिशिगन राज्यात तर दोन्ही पक्षांचे पितळ शेजारीशेजारी उघडे पडले. तीन चतुर्थांशांहून अधिक कृष्णवर्णीय वस्तीचे डेट्रॉइट शहर अर्धशतक डेमोक्रॅटिक महापौरांच्या हाती होते. २०१३ मध्ये ते अधिकृतपणे दिवाळखोर झाले. जवळच्या फ्लिंट शहरावर रिपब्लिकन गव्हर्नरच्या प्रशासनाने आपला व्यवस्थापक नेमला होता. खर्च वाचवण्यासाठी २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला गेला आणि मुलांच्या पोटात शिसे गेले.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. एका पक्षाने मताधिकारावरच घाला घातला, तर पीडितांनी दुसऱ्या पक्षामागे एकवटू नये काय? अवश्य एकवटावे. त्याला निरुपाय म्हणतात आणि त्यात कमीपणा नाही. परंतु निरुपायाला निष्ठा ठरवणे आणि त्या निष्ठेवर पिढ्यान्‌पिढ्या हक्क सांगणे, ही त्या समाजाची वंचना आहे. फ्लोरिडात २०१८ साली मतदारांनी रिपब्लिकन गव्हर्नर निवडला आणि त्याच दिवशी, शिक्षा भोगून सुटलेल्या बहुतेकांना मताधिकार परत देणारी घटनादुरुस्ती ६४ टक्क्यांहून अधिक मतांनी संमत केली. दुसऱ्याच वर्षी रिपब्लिकन विधिमंडळाने दंड व शुल्क पूर्ण भरण्याची अट घालून तीत पाचर मारली. मतदार न्यायाने वागला, अन्याय पक्षाने केला.

आपल्या लोकांसाठी

या साऱ्याशी अमेरिकेतील भारतीयांचा, त्यांतील मराठी कुटुंबांचा, थेट संबंध आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस 'गोरा' नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाकारले. ते दार १९४६ मध्ये उघडले. त्या विधेयकाच्या प्रवर्तक क्लेअर बूथ ल्यूस रिपब्लिकन होत्या आणि इमॅन्युएल सेलर डेमोक्रॅट. वंशाधारित कोटा मोडणारा १९६५ चा स्थलांतर कायदा नागरी हक्क चळवळीच्याच लाटेवर आला. आज न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात गणेशोत्सव साजरा करणाऱ्या कुटुंबाचा तेथील मुक्काम त्या संघर्षाचे ऋण मिरवतो. ते ऋण कोणत्याही एका पक्षाचे नाही.

बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटचा मोठा भाग ज्यात येतो अशा मतदारसंघातून प्रतिनिधीगृहावर निवडून आले, तेव्हा जवळजवळ सत्तर वर्षांत प्रथमच त्या शहराला कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. पक्षातील अनेकांनी नाराजी व्यक्त केली. ठाणेदारांनी स्वतःचा अमाप पैसा ओतला आणि प्रतिस्पर्ध्यांची मते फुटली, हे खरेच. तरीही ज्यांनी त्यांना मत दिले त्यांनी उमेदवाराचा वर्ण पाहून ते दिले नाही, हेही तितकेच खरे. २०२४ मध्ये टेक्सासमधील जवळजवळ संपूर्ण हिस्पॅनिक वस्तीच्या स्टार काउंटीने १८९२ नंतर प्रथमच अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला पसंती दिली. तो कौल योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकेल. ती मते कोणाच्या खिशात नव्हती, यावर होणार नाही.

शतकापूर्वी ड्यू बॉइस यांनी दावण तोडली आणि त्यांची फसवणूक झाली. म्हणून काही दावण तोडणे चूक ठरत नाही. मत ज्याच्या घरी वंशपरंपरेने पोचते तो त्याची किंमत कशाला मोजील? मिसिसिपीच्या मतदाराने ध्वज बदलला, कॅलिफोर्नियाच्या मतदाराने आपल्याच नेत्यांना नकार दिला. दोघांनीही पक्षाला विचारले नाही. अमेरिकेतील वर्णभेद ज्या दिवशी खरोखर संपेल, त्या दिवशी मतदाराच्या कातडीवरून त्याचे मत कोणालाच ओळखता येणार नाही. तो दिवस जवळ आणण्याचे काम आज दोन्ही पक्षांपेक्षा हा पक्षहीन मतदारच अधिक प्रामाणिकपणे करतो आहे.