आधीं वाचक कीं आधीं लेखन ?

स्वतःचें लेखन नियमानें लोकांपुढें ठेवावें, असा विचार ज्यानें चारचौघांत बोलून दाखविला, त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वाचणार कोण?" विचारणारे गृहस्थ सुशिक्षित असतात, हितचिंतक असतात, आणि बहुधा स्वतः कांहींच न लिहिणारे असतात. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : लिहिणारे उदंड झाले आहेत, वाचणारे थोडे; अशा वेळीं वाचकांची खात्री नसतां लिहावयास बसणें ही निव्वळ हौस, आणि तें लेखन जगापुढें मांडणें ही आत्मप्रौढी. हें मत वरवर पाहतां इतकें शहाणपणाचें दिसतें कीं, त्याच्या धाकानें कित्येक चांगल्या लेखण्या उचलण्यापूर्वींच खालीं ठेवल्या गेल्या असतील. म्हणून त्याचा समाचार घेणें अवश्य आहे.

प्रथम आमच्या वर्ध्याचेंच उदाहरण घेऊं. विनोबा भावे १९२१ च्या एप्रिलमध्यें आश्रम चालविण्यासाठीं वर्ध्यास आले. १९२३ च्या जानेवारींत त्यांनीं येथून 'महाराष्ट्र-धर्म' नांवाचें मासिक सुरू केलें. त्यांत उपनिषदांवरील त्यांचे निबंध येत. आतां, उपनिषदांचें विवरण विकत घेण्यासाठीं त्या काळच्या वर्ध्यांत गिऱ्हाइकांची रांग लागली होती, असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांत भर म्हणून त्याच वर्षीं नागपूरच्या झेंडा-सत्याग्रहांत संपादकाला तुरुंगवास घडला. हिशेबी माणसानें येथेंच वही मिटली असती. परंतु पुढें तें पत्र साप्ताहिक झालें, सुमारें तीन वर्षें चाललें, आणि त्यांतील निवडक लेखांचें 'मधुकर' हें पुस्तक झालें. आधीं वाचक मोजले असते, तर यांपैकीं कांहींच झालें नसतें.

आत्मप्रौढीचा आक्षेप तर ह्या उदाहरणापुढें टिकतच नाहीं. हेच विनोबा तरुणपणीं कविता लिहीत आणि त्या अग्नीच्या स्वाधीन करीत. काशीस असतांना त्यांनीं त्या गंगेस अर्पण केल्या. ज्याला स्वतःच्या ओळी जाळतांना दुःख होत नव्हतें, त्यानें मासिक काढलें तें मिरविण्यासाठीं काढलें, असें म्हणण्यास फार धाडस लागेल. आमच्या मतें त्याचा अर्थ निराळा आहे. कविता लिहिल्या त्या स्वतःच्या समाधानासाठीं. तें समाधान लिहितांक्षणींच पुरें झालें. मासिक काढलें तें भोंवतालच्या माणसांशीं बोलण्यासाठीं. तें बोलणें छापल्यावांचून पुरें होणार नव्हतें. माणूस तोच, लेखणी तीच. लिहिण्याचें कारण मात्र बदललें. लिहिण्याचें एक कायमचें कारण आरंभींच सांगतां आलें पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

आणि वाचकांची संख्याच पाहावयाची, तर 'गीताई'चे वाचक आरंभीं किती होते? विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती आणि त्या वेळचीं मराठी रूपांतरेंहि कठीण वाटत. तूंच सोपी गीता कां करीत नाहींस, असें तिनें मुलाला म्हटलें होतें. ती १९१८ सालीं वारली. 'गीताई' लिहिली गेली १९३० च्या ऑक्टोबरपासून १९३१ च्या फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे जिच्यासाठीं पुस्तक लिहावयाचें, ती एकुलती एक वाचक बारा वर्षांपूर्वींच निघून गेली होती! पुढें त्याच पुस्तकाच्या लाखों प्रती खपल्या, आणि वर्ध्याजवळ गोपुरीस त्याचे अठराहि अध्याय शिळांवर कोरून उभे आहेत. परंतु लिहावयास बसतांना ह्या लाखांपैकीं एकहि समोर नव्हता.

यावर आमचे स्नेही म्हणतील, "विनोबांची गोष्ट निराळी, ते संत." ठीक आहे, संत नसलेल्यांकडे वळूं. १८७४ च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाला' काढली, तेव्हां ते सरकारी शाळेंत शिक्षक होते. सात वर्षांत चौऱ्यायशीं अंक निघाले आणि त्यांतील जवळ जवळ सर्व मजकूर त्यांनीं एकट्यानें लिहिला. लंडनच्या सॅम्युएल जॉन्सननें १७५० पासून १७५२ पर्यंत आठवड्यांतून दोनदां 'रॅम्ब्लर' काढला. त्याचे २०८ अंक निघाले, आणि एवढ्या मोठ्या शहरांत प्रत्येक अंकाचा खप पांचशेंच्या आंतच राहिला. त्या निबंधांनीं आपली मोठी वाचकसंख्या मिळविली ती मागाहून, पुस्तकरूपानें.

"पण हे सर्व थोर पुरुष, सामान्य माणसाचें काय?" हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर थोरांच्या चरित्रांत सांपडणार नाहीं. म्हणून संकोच बाजूस ठेवून आमचीच गोष्ट सांगतों. सहा वर्षांपूर्वीं आम्ही हिंगणघाटाहून चार पानांचें एक मासिक पत्रक काढूं लागलों. पहिल्या अंकाच्या दोनशें प्रती छापल्या. अपेक्षा अशी कीं, गांवांत चर्चा होईल, नागपुरापर्यंत नांव जाईल, आणि वर्षअखेर वर्गणींतून छपाई सुटेल. प्रत्यक्षांत तीन पत्रें आलीं. पैकीं दोन नातेवाइकांचीं. चौथ्या अंकापर्यंत तींहि थांबलीं.

पांचव्या अंकांत कापसांतून सरकी वेगळी काढण्याच्या कामावर आम्हीं एक लेख लिहिला. चार दिवसांनीं त्या कामांत आयुष्य गेलेले एक म्हातारे गृहस्थ तो अंक हातांत घेऊन दारांत उभे! "काय जी गुरुजी, तुम्ही कधी जिनात पाय ठेवला होता का?" खरें म्हणजे ठेवला नव्हता. मग ओसरीवर बसून दोन तास त्यांनीं आम्हांस शिकविलें : नाकातोंडांत जाणारा तंतूंचा धुरळा, हंगामांतल्या रात्रपाळ्या, यंत्रापुढें कापूस लोटणाऱ्या बायकांचे हात. सहावा अंक आम्हीं नुसता लिहून घेतला, बोलले ते. त्या दिवसापासून आमची अपेक्षा पालटली. नांव व्हावें ही इच्छा अगदीं गेली, असें म्हणण्याइतके आम्ही साधु नाहीं. परंतु तिच्याहून मोठी एक इच्छा आली. आपण चुकलों, तर सांगावयास कोणी तरी यावें. ती वर्षांतून दोनतीनदां पुरी होते, आणि तेवढ्यावर पत्रक चालूं आहे.

आज तर छपाईचाहि खर्च नको. हातांतल्या फोनवर लिहिलेलें घटकाभरांत शेंकडों लोकांपुढें ठेवतां येतें. पण त्याच फोनवर किती जणांनीं तें पाहिलें हा आकडाहि लगेच उमटतो, आणि हा आकडाच नव्या लेखकाचा वैरी आहे. मोठ्या गाजावाजानें आरंभ करून तिसऱ्या महिन्यांत गप्प बसणारे लेखक आम्हीं पुष्कळ पाहिले. आमचा राग त्यांच्यावरहि आहे, कारण "वाचणार कोण?" हा स्नेह्यांचाच प्रश्न त्यांनीं मनांत बाळगला होता. आत्मप्रौढी असेलच तर ती येथें आहे; वाचकांवांचून लिहिण्यांत नाहीं, तर लिहितांक्षणीं वाचकांनीं धांवून यावें ह्या हक्कांत आहे.

बाहेरचा लेखक वर्ध्यास आला म्हणजे सेवाग्राम आणि पवनार पाहून परत जातो. त्यानें पाहिलें तें खोटें नाहीं. पण वणेच्या कांठचीं गांवें, आर्वीचा बाजार, बंद पडलेल्या गिरणीच्या दारावरून रोज जाणाऱ्या पुलगांवकराचें मन, हें त्यानें कोठून लिहावें? तें येथें राहणाऱ्यानें लिहिलें नाहीं, तर जाणत्या माणसांबरोबर जाईल. ओसरीवर बसलेले ते म्हातारे गृहस्थ गेल्या वर्षीं वारले. आमचा तो चुकीचा लेख नसता, तर त्यांचे दोन तासांचे शब्द आज कोठेंहि नसते.

तेव्हां वाचकहो, ज्याच्या मनांत असें कांहीं आहे, त्यानें पहिला अंक ह्याच महिन्यांत काढावा, आणि त्याची पहिली प्रत "वाचणार कोण?" असें विचारणाऱ्या स्नेह्याला पाठवावी. त्यांची तक्रार आली, कीं एक वाचक झाला.