जुनी गाडी घेताना चाकांचा आवाज ऐका

सुरतेहून माल आणणारे आम्ही नंदुरबारचे कापडवाले तागा उलगडून, बोटांत चोळून घेतो. जुनी गाडी मात्र रंगाची चमक पाहून! नवापूरच्या सपाट, मोकळ्या सडकेवर वेगासोबत घूंघूं वाढली आणि न्यूट्रलमध्येही टिकली, तर इंजिनवर शक नको. सडक बदलताच आवाज बदलला तर बहुधा टायर. डावीकडे वळताना वाढला तर बहुधा उजवे बेअरिंग, कारण भार त्या बाजूला जातो. चाक उचलून हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग बदलावेच. सीलबंद बेअरिंगला वरून ग्रीस लावून काय होणार? नवे प्रेसवर बसवावे. हातोड्याने ठोकलेले लवकरच पुन्हा बोलू लागते. दुर्लक्ष केले तर चाक ढिले पडते, जामही होते, आणि गाडीत बायकामुले असतात. हा खर्च सौद्याआधीच किमतीतून वजा करावा. विकणारा गाडी चालवून पाहू देत नसेल, तर बयाणा देऊ नये.