पार्सलातले सोल्युशन

चिकटद्रव्यांच्या वाहतुकीचे नियम चिकटपणा पाहत नाहीत. ते पाहतात द्रावक, म्हणजे रबर किंवा राळ विरघळवून ठेवणारा आणि लावल्यानंतर हवेत उडून जाणारा द्रव. सुताराचा पांढरा फेविकॉल पाण्यात कालवलेला असल्याने त्याची फारशी चिंता नसते, परंतु पंक्चरचे किंवा सनमायका बसवण्याचे सोल्युशन टोल्युइन, हेक्झेन यांसारख्या द्रावकांत तयार होते आणि त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद गाडीत तळाशी साचून राहते. ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. टोल्युइनचा तो सुमारे 4 अंश सेल्सिअस, तर हेक्झेनचा शून्याखाली 22 अंश आहे, म्हणून मे महिन्यात चाळिशी गाठणाऱ्या नगरच्या उन्हातच नव्हे, तर तिथल्या डिसेंबरच्या थंडीतही हा माल पेट घेण्याच्या स्थितीतच प्रवास करतो.

संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात अशा चिकटद्रव्यांना 1133 हा क्रमांक असून ती तिसऱ्या, म्हणजे ज्वालाग्राही द्रवांच्या, वर्गात मोडतात. भारतात 1898 च्या टपाल कायद्याच्या कलम 19 ने धोकादायक पदार्थ टपालात टाकण्यास मनाई केली होती. 18 जून 2024 पासून त्याची जागा 2023 च्या कायद्याने घेतली, बंदी मात्र उठलेली नाही. रस्त्यावरील मालाला 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम लागू होतात आणि त्यांतील नियम 131 मालाची खरी माहिती देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकतो. हवाई मार्गाचे नियम सर्वांत कडक आहेत, कारण उंचीवर बाहेरचा दाब घटला की सैल झाकणातून द्रव पाझरू शकतो आणि आकाशात आग विझवण्यास कोणी येत नाही. फेविक्विकच्या जातीचे सायनोअ‍ॅक्रिलेट तर गाडीत साधा माल ठरते आणि विमानात मात्र नववा वर्ग लागून 3334 क्रमांकाने नियमाखाली येते.

पाथर्डी किंवा अकोल्यातील ग्राहकाला यातले काहीच दिसत नाही. पार्सल पुण्याहून गाडीने आले, एवढेच त्याला कळते, त्याआधीचा दिल्ली-पुणे टप्पा विमानाने झाला की ट्रकने, हे नाही. सुपे किंवा नागापूर औद्योगिक वसाहतीतील कारखानदाराने मालाचा वर्ग जाणावा ही अपेक्षा रास्तच आहे, परंतु न आवडलेला डबा ‘परत करा’ हे बटण दाबून जो ग्राहक कुरिअरवाल्याच्या हाती देतो, तो त्या क्षणी स्वतःच पाठवणारा ठरतो आणि ज्या नियमांचे नावही त्याने ऐकलेले नसते त्यांचा भार त्याच्यावर येतो. हा भार विक्रेत्यानेच उचलला पाहिजे. मालावर ‘परतीस अपात्र’ किंवा ‘केवळ रस्तामार्गे’ असे मराठीत छापणे त्याला अवघड नाही.

तोपर्यंत मागणी नोंदवण्यापूर्वी विक्रेत्याकडून मालाचे सुरक्षा माहितीपत्रक मागवावे व त्यातील वाहतुकीविषयीचा चौदावा विभाग वाचावा. तिथे 1133 क्रमांक आढळल्यास तो डबा नगरच्या बाजारातूनच विकत घ्यावा, आणि एकदा उघडलेला डबा कोणत्याही कारणाने टपालाने किंवा कुरिअरने परत पाठवू नये.