निवृत्तीनंतरचे पुस्तक : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

सेवानिवृत्तीनंतर पुस्तक लिहिण्याच्या संकल्पाविषयी मराठी सुशिक्षितांत दोन मते रूढ आहेत, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध दिसत असली तरी एकाच गैरसमजावर उभी आहेत. पहिले मत संकल्प करणाऱ्यांचे : नोकरीत सवड मिळाली नाही, अठ्ठावन्नाव्या वर्षी ती मिळेल आणि मग पुस्तक आपोआप होईल. दुसरे मत टीकाकारांचे : पेन्शनरांची पुस्तके म्हणजे पदरमोड करून छापलेली आत्मप्रौढी; निम्म्या प्रती नातलगांना वाटल्या जातात आणि उरलेल्या माळ्यावर जातात. खंडनमंडनाच्या रीतीत विरुद्ध बाजूचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, आधी नीट मांडावा लागतो आणि त्यानंतरच उत्तरपक्षाला तोंड फुटते. येथे पूर्वपक्ष दुहेरी असला तरी त्याचे मूळ एकच आहे, ते असे की पुस्तक हे फुरसतीचे अपत्य होय.

हे गृहीतक आपल्या पुणे जिल्ह्यात, बारामतीतच, खोटे ठरलेले आहे. कवी मोरोपंतांनी आपली बहुतेक काव्यरचना बाबूजी नाईकांच्या आश्रयाने, पुराण सांगण्याची चाकरी सांभाळत केली. 1794 मध्ये त्यांचे निधन झाले तोवर निवृत्तीची वाट पाहण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे आला नाही. ‘गावगाडा’ 1915 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्र्यंबक नारायण आत्रे यांनी चाळिशी नुकतीच ओलांडली होती, आणि महसूल खात्याच्या कामात जी खेडी त्यांनी पायाखाली घातली त्यांचेच ज्ञान त्या ग्रंथात उतरले. निवृत्तीनंतरच्या लेखनाचे ठळक उदाहरण म्हणून गोविंद सखाराम सरदेसाई यांचे नाव घेतले जाते, व ते योग्यच आहे. 1925 मध्ये बडोद्याची नोकरी सोडून ते पुणे जिल्ह्यातीलच कामशेत येथे राहिले, पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या खंडांचे संपादन त्यांनी केले आणि मराठ्यांचा तीन खंडांतील इंग्रजी इतिहास तर ऐंशी ओलांडल्यावर प्रसिद्ध केला. परंतु या उदाहरणाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही : ‘मुसलमानी रियासत’ 1898 मध्ये, म्हणजे निवृत्तीच्या सत्तावीस वर्षे आधी, नोकरीत असतानाच बाहेर पडली होती. कामशेतला फक्त सवड मिळाली. टिपणे आणि कागद वाचण्याची सवय बडोद्याहूनच बरोबर आली होती.

टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. जन्म, शाळा, बदल्यांचा क्रम, वरिष्ठांची शाबासकी आणि शेवटी सत्काराची छायाचित्रे या साच्यातली पुस्तके कंटाळवाणी असतात हे मान्यच करावे लागते. मात्र हा दोष वयाचा नसून विषयाच्या निवडीचा आहे. त्याचा पुरावा नीरा डाव्या कालव्यावरच सापडतो. बारामती-इंदापूरच्या जिराईत पट्ट्याला बागायत करणाऱ्या या कालव्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत आणली. म्हणजे जमिनीचे गट पाडून गटाच्या ठरावीक भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्यावर कमी पाण्याची पिके घेऊन फेरपालट करायची, आणि त्या बदल्यात पाण्याची हमी काही वर्षांसाठी द्यायची. मुंबई सरकारची नोकरी त्यांनी 1908 मध्ये सोडली आणि कार्यजीवनाच्या आठवणींचे पुस्तक 1951 मध्ये, नव्वदीच्या घरात असताना, प्रसिद्ध केले. त्या पुस्तकात घरगुती हकिकत जवळजवळ नाही. काम काय होते, अडचण कोठे आली, तोड कशी काढली, एवढ्यावरच भर आहे. ज्याला आत्मप्रौढीची भीती वाटते त्याच्यासाठी हा उत्तम नमुना होय.

याच दिशेने पाहिल्यास बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत लिहिण्याजोगे किती पडून आहे हे ध्यानात येते. कालव्यावरचा पाटकरी, म्हणजे चारीची दारे उघडून पाणी सोडणारा कर्मचारी, शेजपाळीचा, म्हणजे ठरलेल्या क्रमाने पाणी देण्याचा, खरा व्यवहार जाणतो. कागदावर पाळी कोणाची आहे हे दप्तर सांगते. पण वरच्या अंगाला रात्रीतून कोणते दार किती उचलले गेले, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचायला किती वेळ लागला आणि त्या वेळी बांधावर कोणती भाषा झाली, याची नोंद कोठेच नसते. भवानीनगर, माळेगाव किंवा सोमेश्वरच्या साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल गाळप आणि उतारा देतात. परंतु उसाची नोंद, लागण, खोडवा आणि तोडीचा क्रम यांवरून गावात जे राजकारण शिजते ते चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्याला, माहीत असते, अहवालाला नव्हे. पाडेगावच्या संशोधन केंद्राने को 86032 ही जात ‘नीरा’ नावाने दिली. शेतकऱ्यांनी जुन्या को 740 चा हात कसा सोडला, कोणी आधी सोडला आणि कोणी हट्टाने धरून ठेवला, हे सांगणारे शेतकी खात्यातले लोक निवृत्त होत चालले आहेत. उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे तर अधिकच निकडीचे आहे. दुष्काळात पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते तेव्हा छायाचित्रे पुष्कळ निघतात. गावठाणातील आळ्या, बाजाराचा दिवस, विहिरींची नावे मात्र सत्तरी-ऐंशीच्या लोकांच्या डोक्यातच आहेत.

स्मृती फसवी असते, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो उडवून लावता येत नाही. त्यावर उपाय लिहिणे टाळण्याचा नसून ताडून पाहण्याचा आहे : जुन्या दैनंदिन्या, पाणीमागणीचे अर्ज, कारखान्याच्या पावत्या, फेरफाराचे उतारे यांच्याशी आठवण जुळवावी, आणि जेथे जुळत नाही तेथे तसे स्पष्ट लिहावे. लेखनाचा सराव नाही, ही सबबही फारशी टिकत नाही. या भागात निवृत्त शिक्षकांची वाण नाही. पाटकऱ्याने सांगावे, गुरुजींनी लिहावे, मुखपृष्ठावर दोघांचीही नावे असावीत. (शब्दांकनाला कमी लेखण्याची खोड ही साहित्यिकांची, वाचकांची नव्हे.) प्रती हजार काढण्याचा अट्टहास तर मुळीच नको, शंभर पुरतात, त्यांतील काही तालुक्याच्या वाचनालयात आणि तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या ग्रंथालयांत पोचल्या की झाले.

तेव्हा ज्यांच्या सेवेची तीन-चार वर्षे उरली आहेत त्यांनी निरोपसमारंभाची वाट न पाहता वही आजच घालावी, आणि पहिल्या पानावर स्वतःचा जन्म न लिहिता आपल्या टेबलावरून जाणाऱ्या कामाची रीत लिहावी.